पाच घरचं पीठ

५ जानेवारी २०२५, रविवार

आजपासून चाळीस दिवस रोज लिहायचं आहे. साताऱ्याच्या शिवांजलीताईंनी सत्संगात तसं सांगितलं, म्हणून लिहिते. नवी वही आणली नाही. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा एक कोरी टाचणवही उरली होती, तीच काढली. तिच्यात 'उद्दिष्ट', 'साहित्य', 'मूल्यमापन' असे रकाने छापलेले आहेत. छत्तीस वर्षं ते भरले. आता त्यांच्यावरूनच लिहीत जाणार.

ताई म्हणाल्या, "आपल्या घरात जो सगळ्यांत अवघड माणूस असेल, त्याच्यात देव पाहा. चाळीस दिवस त्याची सेवा करा. फळ मागू नका. आभारांची वाट पाहू नका. आणि केलेलं कुणाला सांगू नका." पलूसच्या त्या हॉलमध्ये सत्तरेक बायका होत्या. बऱ्याच जणी विचारात पडल्या. मला विचार करावा लागला नाही. माझा अवघड माणूस आमच्या सोप्यात कॉटवर पडून आहे.

हरणाबाई, माझ्या सासूबाई. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. वय चौऱ्याऐंशी. डिसेंबरात न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन, सोळा दिवस दवाखाना, आणि गेल्या गुरुवारी घरी. धाकटी जाऊ रूपाली पुण्याला असते. ती रविवारी व्हिडिओ कॉल करते आणि आत्या तिला "माजी लक्षुमी" म्हणतात. अंग पुसायला, भांडं द्यायला, कूस बदलायला लक्ष्मी फोनमधून हात काढू शकत नाही, म्हणून मी आहे.

आज देवानं कपभर दूध माझ्या साडीवर सांडलं आणि "साखर घालाया हात मोडला व्हय?" असं विचारलं. मी साडी बदलली आणि दुसरा कप आणला. अजून एकोणचाळीस दिवस.

६ जानेवारी, सोमवार

नवीनच संकट. आत्यांनी मला ओळखणं सोडलं आहे.

सकाळी पाठ पुसत होते, तर म्हणाल्या, "शिस्टर, तुमचं गाव कंचं?" मला वाटलं थट्टा करतात. पण या बाईनं जन्मात कधी थट्टा केलेली नाही. मी म्हटलं, "आत्या, मी क्रांती. तुमची सून." त्यांनी मला खालीवर पाहिलं. "सून शाळंत गेलीया. पाच वाजता येती."

डाग पडू नयेत म्हणून मी साडीवर ह्यांचा जुना पांढरा शर्ट चढवते, त्यामुळं असेल असं वाटलं. शर्ट काढून परत गेले. तरी शिस्टरच. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, या वयात भूल दिल्यावर असं होतं, कधी ओळख परत येते, कधी येत नाही. गंमत म्हणजे ह्यांना ओळखतात, शेजारच्या चंदनबाला वहिनींना ओळखतात, गोठ्यातल्या म्हशीला नावानं हाक मारतात. फक्त मी तेवढी पुसली गेले. पस्तीस वर्षं या घरात राबून हे मूल्यमापन.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "शिस्टर तर शिस्टर. काम चालू हाय न्हवं?" मिलिटरीतून सुभेदार होऊन आलेला माणूस, दुसरं काय बोलणार. सकाळी सोप्यात डोकावून "आई, सब ठीक?" एवढं विचारतात आणि उसाकडे जातात.

मिरजेच्या नर्सा त्यांना आज्जी म्हणायच्या. मी म्हणणार नाही. सोंगं काढायचं माझं वय गेलं.

७ जानेवारी, मंगळवार

आज एक खोटं बोलले. सेवेच्या तिसऱ्याच दिवशी.

सोप्यातल्या खुंटीला आत्यांची परडी असते. वेताची उथळ टोपली, हळदीकुंकवानं रंगलेली. त्यांना त्यांच्या सासूनं दिली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ती घेऊन पाच घरांच्या दारात उभं राहायचं, अंबाबाईचा जोगवा मागायचा. प्रत्येक घरची बाई मूठभर पीठ आणि चिमूटभर मीठ वाढते. त्या पिठाची भाकरी करायची, पहिला घास देवीला परडीत ठेवायचा आणि मग आपण खायची. त्या दोन दिवशी आत्या त्याशिवाय दुसरं काही तोंडात घालत नाहीत. पन्नास वर्षांत खंड नाही. दवाखान्यात होत्या तेव्हा "देवीला ठावं हाय" म्हणून सवलत घेतली. घरी आल्या, सवलत संपली.

परडी सासूनं सुनेला द्यायची असते. गल्लीतल्या राहीबाईच्या सासूनं तिला लग्नाच्या पाचव्या वर्षी दिली. मी एकदा, बावीस-तेवीस वर्षं झाली असतील, नवरात्रात सगळ्या पाहुण्यांसमोर विचारलं होतं, "आत्या, परडी आता मी घेऊ का?" त्या म्हणाल्या, "तुजं काम न्हाई ते." बस्स. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. मी आत जाऊन पुरणाचा गॅस बंद केला, तो चालू नव्हताच. त्यानंतर मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी काढलं नाही. अजूनही कुणीतरी विचारतंच, "बाई, अजून दिली न्हाई व्हय परडी?" मी शाळेचं कारण सांगते.

आज सकाळी डोळे उघडले तसं त्यांनी विचारलं, "शिस्टर, आज मंगळवार. परडी कोन फिरवतंय?"

मी म्हटलं, "सून फिरवते." आत गेले, शाळू ज्वारीच्या पिठाच्या डब्यातून पाच मुठी परडीत टाकल्या, वर मीठ ठेवलं, आणि लांबूनच दाखवली. वाटलं, खूश होतील. तर चेहरा एकदम उतरला. "ती गेलती? दारोदार? तिला कुनी सांगितलं जायाला?" असं दोनदा विचारलं. बघा. मी परडीला हात लावलेलासुद्धा चालत नाही. डोकं गेलं तरी राग जागेवर आहे.

दुखण्याच्या गोळीची गुंगी होती, म्हणून अर्धी भाकरी खाल्ली आणि झोपल्या. पुढच्या वेळेला सुनेचं नाव घेणार नाही, शिस्टरनंच आणलं म्हणेन. शिस्टरचा हात बहुतेक पवित्र असावा.

९ जानेवारी, गुरुवार

सत्संगाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आहे. 'निष्काम सेवा परिवार'. केलेलं कुणाला सांगू नका म्हणाल्या होत्या ताई, तर सकाळपासून अठ्ठावीस फोटो. एकीनं सासूचे पाय चेपतानाचा टाकला. सासू आधारकार्डाच्या फोटोसारखी ताठ बसली आहे. खाली जोडलेल्या हातांची रांग. एकीनं गाईला चपाती देतानाचा व्हिडिओ, मागं गाणं.

मी काही टाकलं नाही. आणि मी काही टाकलं नाही हे दिवसभरात एकीच्याही लक्षात आलं नाही.

११ जानेवारी, शनिवार

आज केस धुतले त्यांचे. कॉटच्या कडेला मान घेऊन, खाली घमेलं ठेवून, तासभर. कंबर मोडली. आत्या प्रसन्न झाल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "किती मऊ हात हाय गं शिस्टर तुजा. आमच्या सुनंचा हात म्हंजी लाकूड."

मी म्हटलं, "असं का हो?"

"मास्तरीन हाय. लय कडक. घरात सुदीक घंटा वाजवती. जेवन टायमात, आंगूळ टायमात. कुनाचं दोन शब्द ऐकायची न्हाई."

"मग ओरडायचं होतं तुम्ही."

"मी? तिला? गाव भितंय तिला," असं म्हणून हसल्या. मला तर ते हसणं खोचकच वाटलं.

हेच हात! हेच ते लाकूड! सोळा दिवस मिरजेत बाकावर झोपून काढले ते याच लाकडानं. पुण्य जातंय एका नसलेल्या नर्सच्या खात्यावर आणि शिव्या माझ्या. शिवांजलीताई म्हणतील, मग उत्तमच, अहंकार गेला. तो गेलेला नाही. इथं वहीत बसला आहे, दिसतो आहे मला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

पकडली गेले.

सणाची गडबड, तिळगुळाला येणारी माणसं. घाईत शाळूचंच पीठ परडीत भरलं, "शिस्टरनं मागून आणलं" म्हणून त्यांच्या मांडीवर ठेवली. शुक्रवारी गुंगीत खपून गेलं होतं, आज गुंगी नव्हती. त्यांनी पिठात बोटं घातली. चिमटीत घेऊन चोळलं, उजेडाकडे धरलं.

"शिस्टर, पाच घरचं पीठ एका रंगाचं कसं गं?"

आयुष्यभर पोरांच्या गृहपाठात कॉपी पकडली. दोन वह्यांत एकच चूक दिसली की कान पिरगाळला. आज माझा कान.

"कुनाच्या घरात गहू आसतो, कुनाच्यात बाजरी, कुनी तांदळाचं घालतंय," त्या समजावून सांगायला लागल्या, अगदी पहिलीच्या पोराला सांगावं तसं. "देवीला आपल्या डब्यातलं चालत न्हाई. आपलंच आपल्याला वाढून घ्यायचं, तर मग मागायचं कशाला? शुक्रवारी नीट जा."

आज त्यांनी फक्त ताक घेतलं. मी तिळगूळ दिला तर म्हणाल्या, "गोड बोलाया तुला तिळगूळ लागत न्हाई. खोटं तेवढं नगं बोलू."

१६ जानेवारी, गुरुवार

रूपालीला फोनवर सांगितलं. तिनं लगेच तोडगा काढला. "ताई, मल्टीग्रेन आटा मिळतो ना! सात धान्यांचा. पाचाच्या जागी सात. मी ऑर्डर टाकते." लक्ष्मीचं डोकं आहे, मान्य करायला हवं. पण पाकिटाची वाट कोण बघतंय. मीच करते. घरात शाळू, गहू, तांदूळ आहे. बाजरी आणि नाचणी पलूसच्या दुकानातून आणली आणि सगळं गिरणीत वेगवेगळं दळून घेतलं. पाच पिठं, पाच रंग. पाच वाट्यांत काढून ठेवली आहेत, उद्या परडीत भरायला. मीठसुद्धा दोन प्रकारचं घेतलं आहे, खडे आणि बारीक.

शैक्षणिक साहित्य असंच तयार ठेवायची मी तपासणीच्या आदल्या दिवशी. साहेबही फसायचे.

हे लिहिताना जरा लाज वाटली. पण कोण मागायला जाणार? गावात माझ्यासमोर दोन पिढ्या छडी खाऊन मोठ्या झाल्या. सरपंचसुद्धा रस्त्यात मी दिसले की गाडीवरून उतरतो. त्यांच्या दारात टोपली घेऊन?

१७ जानेवारी, शुक्रवार

आत्यांनी पीठ नाकाशी नेलं.

"पाची पिठांला एकाच गिरनीचा वास. ताजा. कालचंच दळान हाय हे," म्हणाल्या. "लोकांच्या डब्यातलं पीठ असं नसतंय. कुनाचं आठ दिवसांचं आसतंय, कुनाच्या डब्यात लवंगा, कुनाच्यात लिंबाचा पाला."

मग परडी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"आता म्या खायची न्हाई. मंगळवारचं न्हाई नि बुधवारचं बी न्हाई. देवीला दोनदा फसवलं माज्या नावानं. आदुगर तिचं भागवा."

मी म्हटलं, "आत्या, डॉक्टरांनी अन्न नीट घ्यायला सांगितलंय." त्यांनी वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळी पेज नेली, तोंड घट्ट मिटलेलं. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, पाच-सहा दात, आणि जबडा बघा केवढा.

१९ जानेवारी, रविवार

दोन दिवसांत चार चमचे ताक आणि पाणी. आज ओठ सुकलेत. लघवी कमी झाली आहे, ती गडद आहे. पलूसच्या डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "मंगळवारपर्यंत तोंडानं खाल्लं नाही तर बुधवारी मिरजेला न्या. नाकातून नळी घालावी लागेल. या वयात हात बांधून ठेवावे लागतात, नाहीतर पेशंट नळी उपसतात. एकदा तसं झालं की पुढं फार..."

रूपाली व्हिडिओवर रडली. आत्यांनी तिच्याकडेही पाहिलं नाही, म्हणजे प्रकरण खरंच गंभीर आहे.

शिवांजलीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "फळाची अपेक्षा सोडा, मॅडम. फळ आपल्या हातात नाही." मी म्हटलं, "ताई, मला फळ नको आहे. आत्यांनी भाकरी खाल्ली तर मला पुरे." त्या म्हणाल्या, हीसुद्धा अपेक्षाच. मी फोन ठेवला. जरा जोरातच ठेवला असेन.

२० जानेवारी, सोमवार

ह्यांनी दुपारी विषय काढला. "पाच घरं म्हंजी काय, गार्ड बदलायला लागतो तेवढा टाईम. जाऊन ये की."

"मग तुम्ही जा."

"बायकांचं काम हाय ते."

"आणि माझी इज्जत?"

ते आईच्या कॉटकडे बघत होते. सुभेदाराच्या डोळ्यात मी फक्त दोनदा पाणी पाहिलं आहे, आज तिसऱ्यांदा. "क्रांती, हात बांधत्यात गं तितं," म्हणाले आणि उठून गेले.

आता खरं काय ते लिहिते, नाहीतर ही वही घेतली कशाला. प्रश्न पाच घरांचा नाहीच. आत्यांची पाच घरं ठरलेली आहेत. चंदनबाला वहिनींचं, राहीबाईचं, माझा विद्यार्थी शिवतेज याचं, कोपऱ्यावर नवीन बांधलेला बंगला आहे तिथलं. ही चार मी कशीतरी करीन. पाचवं घर बनुबाईचं.

बनुबाई आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. बारा वर्षांपूर्वी ती उरलेली खिचडी किटलीतून घरी नेताना मी पाहिली. दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा लेखी अहवाल पाठवला. तिचं काम गेलं. नवरा तेव्हा अंथरुणाला होता, हे मला नंतर कळलं. म्हणजे, नंतर कळलं असं मी सगळ्यांना सांगते. मला तेव्हाही माहीत होतं. नियम म्हणजे नियम, असं मी स्वतःला सांगितलं. उरलेली खिचडी तशीही आम्ही ओढ्याला फेकून देत होतो.

बारा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललेलो नाही. आत्या मात्र दर मंगळवारी, शुक्रवारी तिच्या दारात जायच्या. मला ते माझ्या नाकावर टिच्चून केलेलं वाटायचं.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारचे तीन वाजलेत. आत्या झोपल्यात. झालेलं सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी आंघोळ केली, हिरवी साडी नेसले, परडी खुंटीवरून काढली. हलकी असते, कागदासारखी. दाराबाहेर पडले आणि परत आत आले. पुन्हा बाहेर पडले. ह्यांनी गोठ्यातून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं, त्याबद्दल आभारी आहे.

चंदनबाला वहिनींनी दार उघडलं आणि त्याच कावऱ्याबावऱ्या झाल्या. "आवं बाई, तुमी कशाला आलासा? सांगायचं, मी आणून दिलं असतं की घरात." मी म्हटलं, "आणून दिलेलं चालत नाही. मागावं लागतं." दोघींनाही पुढं काय करायचं ते सुचेना. मग त्यांनी गव्हाचं पीठ वाढलं, मी त्यांना कुंकू लावलं, ते निम्मं त्यांच्या नाकावर पडलं.

राहीबाई म्हणाली, "शेवटी दिली व्हय परडी!" मी परडी पुढं केली. बंगल्यात गेल्याच महिन्यात लग्न होऊन आलेल्या नव्या सुनेनं विचारलं, "कशाचं कलेक्शन आहे, मॅडम?" तिला जोगवा समजावून सांगायला दहा मिनिटं गेली, आणि मग तिनं तांदळाचं पीठ आहे पण ते इडलीचं आहे, चालेल का, असं विचारलं. चालेल म्हटलं. शिवतेज तर मोबाईलच घेऊन आला. "बाई, एक फोटो. स्टेटसला टाकतो. आमच्या बाई, एवढ्या मोठ्या असून..." मी म्हटलं, "शिवत्या, फोटो काढलास तर तुझ्या पोरांसमोर अंगठे धरायला लावीन." त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि बायकोला हाक मारली.

मग बनुबाईचं घर.

ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मला पाहिलं, परडी पाहिली, पुन्हा शेंगा फोडायला लागली. मी पायरीखाली उभी राहिले आणि म्हटलं, "जोगवा."

"काय?"

"अंबाबाईचा जोगवा."

"ऐकाया येत न्हाई, बाई. शाळंत लय मोटा आवाज हुता की तुमचा. पार वेशीपातूर जायाचा."

समोरच्या दोन घरांतून बायका बाहेर आल्या. मला परत फिरावंसं वाटलं. मग ती नळी आठवली, आणि बांधलेले हात. तोंड उघडलं आणि प्रार्थनेला द्यायची तशी हाक दिली, "अंबाबाईचा जोगवा वाढा, माय!" गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

बनुबाई उठली. आत गेली. बराच वेळ आली नाही. मी उभीच. आयुष्यात किती पोरं मी अशी वर्गाबाहेर उभी केली असतील. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सूप होतं आणि डोळे लाल होते. राग होता की काय, मला कळलं नाही. तिनं दोन मुठी बाजरीचं पीठ वाढलं.

"म्हातारीसाठी वाढत न्हाई, तुमच्यासाठी तर न्हाईच न्हाई," म्हणाली. "परडीला वाढतीया."

मी म्हटलं, "बनुबाई, ती खिचडी..."

"वाढून झालं, बाई. कुकू लावा नि जावा. भाकरी करा म्हातारीला."

मी कुंकू लावलं. या वेळी ते नाकावर सांडलं नाही. तिला वाकून नमस्कार करावा असं वाटलं, पण केला नाही. एका दिवसात एवढंच जमलं.

घरी येऊन परडी आत्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डोळे न उघडताच पिठात बोटं घातली. चोळलं. हुंगलं. सुकलेले ओठ हलायला लागले. "हा चंदनबालाचा गहू. ह्यात लवंगा. हा राहीचा शाळू... हे कसलं गं, आंबूस?"

"बंगल्यातल्यांचं. इडलीचं आहे."

"आसू दे. देवी खातीया समदं." मग बोटं थांबली. "ही बनूची बाजरी. जाडीभरडी. तिच्या घरला गेलतीस?"

"गेले होते."

डोळे उघडले त्यांनी. "कर भाकरी," म्हणाल्या.

पाच जातींचं पीठ एकत्र थापायचं म्हणजे शिक्षा आहे. गहू ओढतो, बाजरी फुटते. पहिली तव्यावरच मोडली. दुसरीच्या कडा फाटल्या, पण गोल राहिली. आत्या पन्नास वर्षं हीच भाकरी थापत आल्या, आणि मी कधी चौकशीही केली नव्हती की ही आठवड्यातून दोनदा अशी वेडीवाकडी का होते. पहिला घास परडीत ठेवला. बाकीची ताकात कुस्करून भरवली. सगळी खाल्ली. वाटी बोटानं पुसून घेतली.

मग तोंड पुसताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"शिस्टर, एक ऐकशील? तू मागून आनलंस हे आमच्या सुनंला सांगू नगंस."

"का बरं?"

"ती उद्या सोता जाईल. लय मानी हाय, पन माज्यासाठी जाईल." दम लागला, थांबल्या. "मागं एकदा तिनं परडी मागितली हुती माज्याकडं. समद्यांच्या म्होरं. न्हाई दिली. तिला राग आला, आजून हाय. आसू दे. सगळं गाव हात जोडतंय तिला, शिस्टर. एवढी शिकल्याली आमची सून, ती कुनाच्या पायरीला हुबी ऱ्हाऊन 'वाढा' म्हननार? देवीला सांगितलं म्या, मी जिती हाय तवर मीच हिंडीन. पाय मोडला तर मोडला. पन माजी मास्तरीन कुनाच्या दारात हुबी करू नगं."

मी विचारलं, "हे तिला कधी सांगितलं का तुम्ही?"

"तिला काय सांगायचं? सांगितल्यावर मग काय ऱ्हायलं त्यात?"

तेवीस वर्षं! एका वाक्याचं काम. एवढं वाक्य बोलायला काय झालं होतं या बाईला? तेवीस वर्षं मी फुगून बसले, जेवणाच्या घंटा वाजवल्या, दर नवरात्रात पाहुण्यांसमोर तोंड पाडून फिरले, आणि ही गुडघे धरून गल्लीतून फिरत राहिली, माझ्या नावाची लाज सांभाळत. आणि दर आठवड्याला दोनदा बनुबाईच्या पायरीला. मी मोडलेल्या घरासमोर. इतका संताप आला की रडूच आलं. तोंडाशी आलं होतं सांगायचं, आत्या, मीच ती. आज उभी राहिले पाची दारांत, मोठ्यानं ओरडले, आणि मेले नाही. बघा माझ्याकडे एकदा तरी.

आत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मनगट सोडलं नव्हतं.

"बोल की गं. सांगनार न्हाईस न्हवं तिला?"

मी त्यांचं तोंड पुसलं, उशी सरळ केली.

"नाही सांगत, आज्जी."